रेघेवरच्या पेशी

६ फेब्रुवारी

प्रिय पेन्सिल,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवरच विचारलं असतं, पण आपल्या घरात फोन म्हणजे भोंगा. तुझी वहिनी नळ सोडून भांडी घासत असली तरी तिला पलीकडचं सगळं ऐकू येतं. म्हणून सातवी पास गवंड्याने थापीच्या हातात पेन धरलंय. अक्षराला हसायचं नाही.

विषय असा. परांचीवरून पडलो त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. कमरेवरचा मी आणि कमरेखालचा मी, असे दोघे भाऊ एका खाटेवर राहतो आणि एकमेकांशी बोलत नाही. इथल्या एका खाजगी दवाखान्यात नवा डॉक्टर आलाय. त्याने माझी फिल्म उजेडात धरून दाखवली. म्हणाला, मज्जारज्जू चेचला तिथे आत घट्ट वण धरलाय. वरून आलेला निरोप त्या वणाला अडकतो आणि तिथेच राहतो. वण सोलून काढायचा, तिथे एक औषध सोडायचं, की वाट मोकळी.

मी त्याला म्हटलं, माझी बहीण दिवसभर हेच बघत असते. त्याने लगेच विषय बदलला. का बदलला ते कळलं नाही, म्हणून तुला विचारतोय. तुमच्याकडे उंदरांच्या पाठीत असंच काहीतरी करतात ना? मग हो की नाही, एवढं एका ओळीत कळव. शास्त्र नको. वहिनीला यातलं काही माहीत नाही, आणि ते तसंच राहू दे.

दादा

११ फेब्रुवारी

दादा,

पत्र ९ तारखेला मिळालं. तीनदा वाचलं. एका ओळीत उत्तर देता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मी काय काम करते ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही, ही माझी चूक. मज्जारज्जूत निरोप नेणाऱ्या पेशी असतात, त्यांच्याबद्दल सगळे बोलतात. पण त्यांना धरून ठेवणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या आधारपेशी त्यांच्या आजूबाजूला असतात. मार बसला की आधी यांच्यात धावपळ उडते. बारक्या पहारेकरी पेशी काही तासांत फुगून जखमेकडे सरकतात आणि मेलेलं खायला लागतात. निरोप नेणाऱ्या तारांवर वेष्टण चढवणाऱ्या पुष्कळशा मरतात, म्हणून वाचलेल्या ताराही उघड्या पडतात. आणि तिसऱ्या, चांदणीसारख्या दिसतात म्हणून तारकापेशी, त्या वाढतात आणि हातात हात घालून जखमेभोवती उभ्या राहतात. तुझ्या डॉक्टरने दाखवला तो वण बराचसा यांचाच.

हा वण चांगला की वाईट, यावर भांडण आहे. तो वाट अडवतो असं पुष्कळांचं म्हणणं. पण जखमेतली आग, म्हणजे तिथला दाहही, तोच अडवून धरत असेल. म्हणून आमच्याकडे अर्ध्या उंदरांना असं औषध देतात की तारकापेशींना वण बांधता येऊ नये, आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. माझ्याकडे येतात त्या काचेवरच्या पातळ चकत्या, त्यावर फक्त नंबर. कुठला उंदीर कुठल्या गटातला हे मला माहीत नसतं आणि नसायलाच हवं. ती यादी आमच्या प्रमुखांच्या कुलुपात. त्यांना सगळे बाईच म्हणतात. मी मायक्रोस्कोपखाली चौकोनांची जाळी लावते आणि वण ओलांडून निरोगी भागात घुसलेल्या पहारेकरी पेशी मोजते, आग जिथे पसरते तिथे त्या जातात. चौकोनाच्या वरच्या आणि उजव्या रेघेवर बसलेली पेशी धरायची, खालच्या आणि डाव्या रेघेवरची सोडायची, म्हणजे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. दिवसभर हेच. डोळे मिटले तरी चौकोन दिसतात.

इथलं बाहेर काही सांगणार नाही, अशी सही करून मी ही नोकरी घेतलीय. शिवाय आमच्या उंदरांच्या जखमा ताज्या, तुझी दोन वर्षांची. माझी मोजणी मार्चअखेर संपेल. तोवर कुठे सही करू नकोस. वहिनीला सांगत का नाहीस?

तुझी पेन्सिल

१६ फेब्रुवारी

पेन्सिल,

एक ओळ मागितली तर तू दोन पानं शास्त्र पाठवलंस, आणि त्यात ती ओळ तेवढी नाही.

माझं शास्त्र ऐक. भिंतीला तडा गेला तर आम्ही काय करतो? ढिलं, मेलेलं खरवडून काढतो, तेव्हाच नवा माल धरतो. खरवडू नको म्हणणारा गवंडी मी अजून पाहिलेला नाही.

तू तुझ्या बाईंना सही दिलीस, बरं केलंस. मी शाळा सोडली तेव्हा कुणी माझी सही घेतली नव्हती. नुसतं दप्तर तुझ्या हातात दिलं होतं.

खरं सांगू? तुझ्या पत्राला वास येतोय. तुला कळलेलं आहे आणि तू सांगत नाहीस. 'मोजणी होऊ दे, मग बघू,' हे मी मुकादमाच्या तोंडून पंधरा वर्षं ऐकलंय. मी उभा राहिलो तर तुझी काही अडचण होणार आहे का?

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. पण खोडलं की कागद घाण दिसतो.

दादा

२१ फेब्रुवारी

दादा,

कागद घाण झाला असता तर चाललं असतं. दोन दिवस मायक्रोस्कोपखाली मला तेच वाक्य दिसतंय.

लिहू नये ते लिहितेय. गट मला माहीत नाहीत, पण स्लाईड दोन तऱ्हेच्या येतात हे न कळायला मी बाहुली नाही. काहींमध्ये वणाची कड शिवल्यासारखी सरळ असते, काहींमध्ये विस्कटलेली. विस्कटलेल्या औषधाच्या असणार. आणि त्यांच्यातही बाहेर सांडलेल्या पेशी मला भीती होती तेवढ्या नाहीत. सरळ कडांपेक्षा थोड्याच जास्त. म्हणजे वण सैल झाला तरी फारसं बिघडत नसावं. चांगलं दिसतंय, एवढंच म्हणते. वाच आणि फाडून टाक.

आता दुसरी गोष्ट. ही तुझ्याशिवाय कुणाला सांगू? काल बाईंनी माझ्या टेबलावर एक पेटी आणून ठेवली. बारा स्लाईड. ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. त्यातली ६३ नंबरची लावली, काढली आणि पुन्हा लावून बघितली. तिच्या काचेच्या कोपऱ्यात हवेचा एक बुडबुडा अडकलाय, स्वल्पविरामासारखा. हा बुडबुडा मी ओळखते. आठवड्यापूर्वी तो माझ्यासमोर होता, आणि तेव्हा त्या स्लाईडचा नंबर ४१ होता.

नंबर कोणी बदलला? का बदलला? मी कुणाला विचारलं नाही. माझ्या जुन्या मोजणीची वही आजपासून घरी आणते.

पेन्सिल

२६ फेब्रुवारी

पेन्सिल,

पत्र फाडलं. आधी चार वेळा वाचलं, मग फाडलं. आता तू माझी बहीण शोभतेस. मागचं वाक्य परत घेतो.

तुझ्या बाईंचं म्हणशील तर ऐक. एका बांधकामावर काँक्रीटचे ठोकळे तपासायला पाठवायचे असायचे, स्लॅब पडला की त्याच मालाचे. आमच्या मुकादमाने चांगल्या मालाचे पन्नास ठोकळे आधीच करून एका खोलीत ठेवले होते. स्लॅब पडला की त्यातले तीन उचलायचा, त्यावर आजची तारीख आणि आजचा नंबर टाकायचा. ठोकळे दरवेळी पास. पाहिलंय मी डोळ्यांनी. नंबर बदलणारा माणूस उगाच हात काळे करत नाही. औषध चालतंय हे तुझ्या बाईंना बघवत नसेल. दुसऱ्या कुणाचं असेल ते औषध. तू वहीत सगळं लिही, तारीख घालून, आणि वही कुणाला देऊ नकोस.

१४ मार्चपासून दोन-चार दिवस मी घरी नाही, तपासणीला जायचंय. त्या दिवसांत पत्र टाकू नकोस, वहिनीच्या हातात पडेल. काळजीचं काही नाही. मजेत आहे. काल चक्क गाणं म्हणत होतो, तर तुझी वहिनी विचारते, ताप आलाय का.

दादा

३ मार्च

दादा,

कसली तपासणी? तपासणी एका सकाळीत होते, दोन-चार दिवस लागत नाहीत. तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस.

इथे माझा संशय पक्का होत चाललाय. प्राण्यांच्या खोलीत एक मामा आहेत. उंदरांना खायला घालणं, आणि लघवी आपोआप होत नाही म्हणून रोज दोनदा त्यांचं पोट दाबून ती काढणं, हे सगळं तेच करतात. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, बाई सुट्टीच्या दिवशी पण येतात का हो?"

"येतात की. मागच्या महिन्यात आल्या होत्या. नंबरच्या चिकट्या काढत बसल्या होत्या नखांनी. मी म्हटलं, द्या, मी काढतो. तर म्हणाल्या, तुम्ही तुमचे उंदीर सांभाळा."

मी आणखी खोदून विचारलं तर म्हणाले, "पोरी, मला कशाला गुंतवतेस? माझी पेन्शन जवळ आलीय."

आज बाई जाता जाता थांबल्या. "पेटी झाली का?"

"होतेय."

"सावकाश कर. घाई नाही." एवढं गोड त्या कधी बोलत नाहीत.

मी ठरवलंय. पेटी अगदी नियमाने मोजायची, एकेक पेशी दोनदा तपासून, म्हणजे माझ्या आकड्यांना कुणी नाव ठेवणार नाही. मग दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी मांडून तक्रार समितीकडे द्यायच्या. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तक्रार खोटी ठरली तर इथून हाकलतील, आणि खरी ठरली तरी मला पुन्हा कोण ठेवेल? पण गप्प बसले तर झोप लागणार नाही. १४ तारखेचं खरं काय ते मला लगेच कळव.

पेन्सिल

८ मार्च

दादा,

सकाळी फोन केला. मी "वणाबद्दल" एवढंच म्हणाले आणि तू "अच्छा अच्छा, पत्रात लिही" म्हणून ठेवून दिलास. मागे वहिनीचा आवाज येत होता. पुन्हा लावला तर बंद. म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. शेवटपर्यंत वाच.

बाईंनी काहीही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं.

तक्रार लिहायला बसले होते. एका रकान्यात पहिली मोजणी, शेजारच्या रकान्यात दुसरी. माझ्या वहीत प्रत्येक स्लाईडच्या वणाचं चित्र असतं, त्यावरून बाराही स्लाईड जुळवल्या. सरळ कडांच्या सहा: ९६ आणि ९५, १०२ आणि १०४, अशाच सगळ्या. विस्कटलेल्या सहा: ११८ आणि १५१. १०९ आणि १४३. सहाच्या सहा तशाच. नंबर बदलला म्हणून काचेखालच्या पेशी काही वाढत नाहीत. स्लाईड तीच आणि मोजणारीही तीच.

मग ती बुडबुड्याची स्लाईड पुन्हा लावली आणि फक्त रेघा बघत गेले. वरच्या रेघेवर बसलेल्या, उजव्या रेघेवर बसलेल्या, ज्या धरायच्याच असतात. पहिल्या वेळी मी त्या सोडल्या होत्या. ही पुसट आहे. ही जरा बाहेरच आहे. ही पेशीच नसावी, डाग असेल. प्रत्येक वेळी काहीतरी कारण होतं दादा, आणि त्या क्षणी ते मला अगदी खरं वाटलं होतं. सरळ कडांच्या स्लाईडवर असं एकही कारण मला सुचलं नाही. दुसऱ्यांदा बरोबर मोजलं, कारण तेव्हा मी बाईंना पकडायला निघाले होते. वही मागे चाळत गेले. मोजणी कलायला लागली ती १० फेब्रुवारीपासून. तुझं पहिलं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

वही घेऊन बाईंच्या खोलीत गेले. त्या चष्मा पुसत होत्या.

"ओळखलीस पेटी? कशावरून?"

"एकीत बुडबुडा आहे."

"हं. पुढच्या वेळी बघून काढायला हव्यात." मग त्यांनी सांगितलं. नव्या मोजणाऱ्या प्रत्येकाला त्या अशी एक पेटी देतात, त्याच्याच जुन्या स्लाईड, नंबर बदलून, न सांगता. सांगितलं की माणूस नीट मोजतो.

मी विचारलं, "बाई, मी खोटारडी आहे का?"

"खोटारड्याचे आकडे दोन्ही वेळा जुळतात गं. तुझे एका अंगाला कललेत. घरी कोण आहे?"

मी सांगितलं. तू कोण, कुठून पडलास, मी तुला काय लिहून पाठवलं, सगळं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या नाहीत, त्याने जास्त वाईट वाटलं.

माझी सगळी मोजणी रद्द झाली. मला चकत्या कापायच्या कामावर टाकलंय, मोजायला पुन्हा देतील की नाही माहीत नाही. त्याच स्लाईड दुसरे दोघंही मोजत होते, त्यांचं आधीच संपलंय, म्हणून माझ्यासाठी न थांबता गटांची यादी परवाच उघडली. विस्कटलेल्या औषधाच्याच होत्या. ज्या उंदरांना वण बांधू दिला नाही त्यांच्यात जखमेतली आग वरखाली निरोगी भागात पसरली. मामांच्या रोजच्या नोंदीतही तेच उंदीर आहेत. आधी मागचा पाय थोडा टेकायचे, नंतर नुसता ओढायला लागले. वण वाट अडवतही असेल, पण त्याआधी तो जखमेला आवरून धरतो. बाई म्हणाल्या, "भावाला हे कळव. सहीचं मी बघते."

तुझी तपासणी म्हणजे ऑपरेशन आहे. माझ्या २१ तारखेच्या पत्रावर विसंबून तू ती तारीख घेतलीस. ते पत्र खोट्या मोजणीवर लिहिलेलं होतं. जुना वण काढल्यावर माणसाचं काय होतं हे आम्ही पाहिलेलं नाही, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगते. पण तुझ्या डॉक्टरने तरी पाहिलंय का? त्याला एवढंच विचार: ज्यांचं बिघडलं ते दाखवा. आमच्याकडे बिघडलेलेही मोजलेले आहेत. तू आज आधाराशिवाय बसतोस, जोरात खोकतोस, वहिनीशी भांडतोस. त्या जखमेच्या वरचं हे सगळं आहे, आणि आग वरच्या बाजूलाही जाते.

तू मला विचारलं होतंस, मी उभा राहिलो तर तुझी अडचण होईल का. तू उभा राहायला हवा होतास मला. इतका, की मी पेशी सोडत गेले.

तुझी बहीण

१६ मार्च

पेन्सिल,

कुरिअर रखडत १३ तारखेला आलं. वाचलं. आणि १४ला मी गेलोच.

रागाव, पण खरं ते लिहितो. पत्र वाचून मला पहिलं वाटलं, बाईंनी हिला फिरवली. नोकरी वाचवायला बहीण त्यांच्या बाजूची झाली. दोन वर्षं खाटेवर पडून माणसाला दुसरा व्यायाम नसतो गं, संशय तेवढा घेता येतो.

वहिनीला तपासणी म्हणून सांगितलं होतं. ती बाहेर बाकावर बसली. आत मला हिरवा अंगरखा घातला, कागद समोर ठेवले. मी तुझा प्रश्न विचारला. डॉक्टर हसला. "आमच्याकडे बिघडत नाही, काका." मी चाळिशीचाही नाही आणि तो मला काका म्हणाला. तरीसुद्धा, नीट वाच, तरीसुद्धा मी पेन मागितलं. हातात धरलं होतं.

तेवढ्यात तुझी वहिनी परवानगी न विचारता आत आली. म्हणाली, "बाहेर एक बाई बसल्यात. त्यांच्या नवऱ्याचं गेल्या महिन्यात इथेच ऑपरेशन झालंय. आधी आपले आपण बसून जेवायचे म्हणे. आता छातीला पट्टा बांधून खुर्चीत ठेवलंय, घासही त्या भरवतात. आणि हे डॉक्टर सारखं म्हणतायत, सुधारतंय, सुधारतंय. तुमची ही तपासणी आहे ना? मग हा अंगरखा कशाला?"

डॉक्टर तिला काहीतरी समजावायला लागला. मी दारातून त्या माणसाकडे बघितलं. माझ्याच वयाचा. त्याने मला हात करायचा प्रयत्न केला, हात अर्ध्यात राहिला. मी पेन खाली ठेवलं. कागद वहिनीनेच गोळा करून टेबलावर आपटले.

घरी आल्यावर मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुझी पत्रं, माझी पत्रं. शेवटी म्हटलं, मी काही आता चालणार नाही बहुतेक. हे शब्द तोंडातून काढायला दोन वर्षं लागली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "हे मला मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिल्या महिन्यातच सांगितलंय. तुमच्या तोंडून यायची वाट बघत होते." मग मीच रडलो, आणि रडून झाल्यावर भांडलो, की मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तुम्ही विचारलं कधी?

तुझी मोजणी काढून घेतली त्याचं वाईट वाटतं. त्याला कारण मी, हे मला कळतं. माफी वगैरे मला लिहिता येत नाही.

न्हाणीघराचं दार अरुंद आहे, चाकाची खुर्ची आत जात नाही. दोन वर्षं तुझी वहिनी मला दारापाशी उतरवून तिथून काखेत धरून ओढत आत नेते. सुतार तेव्हाच येणार होता, मीच येऊ दिला नाही. थोड्या दिवसांसाठी कशाला चौकट फोडायची, म्हणायचो. आज तो आलाय. एकट्याने माप घेतोय आणि अर्ध्या बोटाने चुकवतोय, मला इथून दिसतंय. पत्र आवरतो, त्याला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवाय.

दादा